पडद्याआडचा स्टुडिओ

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आमच्याकडे माजघराच्या दारावरची एक तसबीर दरवर्षी खाली उतरते. चौकट शिसवीची, काच एका कोपऱ्यात तडकलेली आणि आत पणजोबा. डोक्याला पगडी, अंगात लांब अंगरखा, खांद्यावर उपरणे. एक हात टेबलावरच्या जाडजूड पुस्तकावर ठेवलेला. पुस्तक इंग्रजी आहे हे त्याच्या पाठीवरून दिसते; पणजोबांचे इंग्रजी मात्र सहीपुरतेच होते, असे आजी सांगे. मागच्या पडद्यावर कमानी, खांब आणि एक कारंजे रंगविले आहे. आमच्या घरात कारंजे कधी नव्हते. आड होता, आणि त्याचेही पाणी चैत्रात आटे.

लहानपणी ती काच पुसता पुसता मी आजीला विचारले होते, "पणजीचा फोटो कुठे आहे ग?"

"सासूबाईंचा कुठला आलाय फोटो!" आजी म्हणाली, "परक्या पुरुषापुढे मान वर करून बसायचे म्हणजे काय!"

आजीने विषय तिथेच संपविला. पुढे जुन्या छायाचित्रांविषयी वाचू लागलो, तेव्हा पणजोबा जेव्हा त्या खोट्या कारंज्यासमोर बसले असतील, त्याच सुमारास हैदराबादेत एका माणसाने आजीच्या या अडचणीवर एक अजब तोड काढली होती, असे आढळले. त्याने एक स्टुडिओच उंच भिंतीच्या आत नेऊन ठेवला होता. त्या माणसाचे नाव लाला दीनदयाळ. निजामाने दिलेली पदवी जोडून सांगायचे तर राजा बहादूर मुसव्विर जंग. मुसव्विर म्हणजे चित्रकार आणि जंग म्हणजे लढाई. चित्रे काढणाऱ्याला लढवय्याचा किताब देण्याची ही तऱ्हा अस्सल दक्षिणी दरबारी खरीच.

कॅमेरा हिंदुस्थानात फार लवकर आला. 1839 साली पॅरिसमध्ये दागेरची युक्ती जाहीर झाली आणि वर्षाच्या आत कलकत्त्याच्या बाजारात तिच्या यंत्राच्या जाहिराती झळकल्या. मुंबईही मागे नव्हती. 1854 साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत ही विद्या शिकविण्याचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईतला स्टुडिओही प्रसिद्ध होता. तेव्हा ही सारी साहेबांची कला आणि आपण नुसते खुर्चीवर बसणारे, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

दीनदयाळ मात्र या मुंबईकर मंडळींपैकी नव्हेत. त्यांचा जन्म 1844 सालचा, मीरतेजवळच्या सरधन्याचा. घराणे जैन, जवाहिऱ्यांचे. मुलगा हिऱ्यामोत्यांच्या पेढीवर न बसता रुडकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात गेला आणि 1866 साली शिक्षण संपवून इंदुरास बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीला लागला. हुद्दा नकाशे काढण्याचा व खर्चाचे अंदाज करण्याचा. रेघ सरळ हवी, माप बिनचूक हवे आणि इमारत कोणत्या बाजूने पाहिली असता उभी राहते हे कळायला हवे, ही त्या नोकरीची शिस्त. पुढे त्यांनी काढलेली देवळांची आणि किल्ल्यांची चित्रे पाहिली, की हा मनुष्य आधी नकाशे काढीत होता हे कुणी न सांगताही ओळखू यावे.

कॅमेरा त्यांच्या हाती आला 1874च्या सुमारास, म्हणजे तिशीत. इंदूर होळकरांचे. दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी या हौशी कारकुनाला आश्रय दिला आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी पाठ थोपटली. 1875-76 साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, त्या दौऱ्याची चित्रे घेण्याची संधी त्यांना मिळाली. नंतर डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर 1882 साली त्यांनी बुंदेलखंडाकडील जुन्या वास्तूंचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची इत्यादी ठिकाणची ती चित्रे 1886 साली ग्रिफिनसाहेबांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली. एव्हाना कारकुनी सुटली होती. व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली, आणि मग दीनदयाळ दक्षिणेस हैदराबादेकडे वळले.

ते वळले ते योग्य वेळी. सहावे निजाम महबूब अली खान हे तीन वर्षांचेही नसताना, 1869 साली, गादीवर आले होते. त्यांना पूर्ण अखत्यार मिळाला 1884 साली. विशीच्या आतले नवाब, हाती हिंदुस्थानातले सर्वांत मोठे संस्थान, शिकारीचा नाद आणि नव्या वस्तूंची हौस! 1885च्या सुमारास दीनदयाळ निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि 1886 साली सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ थाटला गेला. जागा मोठी धोरणाने निवडलेली. हुसेनसागराच्या एका बाजूस नवाब-उमरावांचे हैदराबाद, दुसऱ्या बाजूस इंग्रजी छावणीचे सिकंदराबाद. लष्करी साहेब, त्यांच्या मडमा, पायगा सरदार, दिवाण, सावकार अशी दोन्ही काठांची गिऱ्हाइके एकाच दाराने आत येत.

आजच्या वाचकाला फोटो ही खिशातली वस्तू झाली आहे, म्हणून त्या काळच्या स्टुडिओत काय चाले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. स्टुडिओ ही खोली नव्हे, तो उन्हाचा कारखाना. छताचा नि भिंतीचा एक भाग काचेचा, शक्यतो उत्तरेकडे तोंड केलेला, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि चेहऱ्यावर उन्हाची तिरीप येत नाही. काचेखाली पडदे, ते दोऱ्यांनी पुढे-मागे सरकवायचे आणि उजेड हवा तसा गाळून घ्यायचा. बसणाऱ्याने काही सेकंद पापणीदेखील शक्यतो लववायची नाही. यासाठी खुर्चीमागे लोखंडी दांडी उभी असे आणि तिच्या चिमट्यात डोके मागून अडकविलेले असे. आपले पूर्वज फोटोत एवढे करारी का दिसतात याचे एक कारण त्यांच्या स्वभावात असेल, पण दुसरे त्या चिमट्यात आहे.

दीनदयाळांनी ही विद्या शिकली तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतायचे, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली आहे तोवर, म्हणजे दहाएक मिनिटांत, कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, पुन्हा अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. वैशाखाच्या उन्हात ते द्रव्य किती वेळ ओले राहणार! बाहेरगावी जायचे तर अंधाऱ्या खोलीचा तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी, सारे बैलगाडीवर लादून न्यावे लागे. 1880च्या आगेमागे तयार कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या आणि छायाचित्रकाराच्या मानेवरचे हे जोखड उतरले. हैदराबादचा मोठा व्याप उभा राहिला तो या कोरड्या काचांच्या भरवशावर.

काच तयार झाली म्हणजे चित्र झाले असे नव्हे. मूळ काच जेवढी मोठी तेवढेच चित्र. त्यामुळे मोठी तसबीर हवी असेल तर काचही ताटाएवढी. कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. आमच्या पणजोबांना हे कुणी सांगितले असते तर त्यांनी ती तसबीर माजघराच्या दारावर लावू दिली असती की नाही याची मला शंकाच आहे! तो कागद काचेखाली चौकटीत दाबून चक्क उन्हात ठेवायचा. ऊन आपल्या वेळाने चित्र उमटवी. मग सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून त्याला तो तपकिरी-जांभळट रंग आणायचा, जो आज आपण 'जुन्या फोटोचा रंग' म्हणून ओळखतो. ढगाळ पावसाळ्यात सगळे काम रेंगाळे.

आणखी एक गंमत. त्या काचांना निळा रंग फार लवकर कळे आणि तांबडा मुळीच कळत नसे. निळे आकाश पांढरे फटक उमटे आणि तांबडे ते काळे. कपाळावरचे ठसठशीत कुंकू फोटोत काळे दिसे, लाल शालू काळा आणि निळे लुगडे फिकट. गोऱ्या माणसाचा चेहराही सावळा येई. म्हणून मग काचेवरच बारीक पेन्सिलीने चेहरा उजळणारे, सुरकुत्या पुसणारे कारागीर ठेवावे लागत. श्रीमंत गिऱ्हाईक असेल तर कागदावर हाताने रंग भरीत, दागिन्यांवर सोनेरी टिपके देत.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे जनाना स्टुडिओची अडचण किती मोठी होती ते समजेल. हैदराबादच्या उमराव घराण्यांत, मुसलमानांत तर होताच पण कित्येक हिंदू घराण्यांतही पडदा कडक. आपल्याकडे मराठी मध्यम घरांत तसा पडदा नव्हता; होती ती आजीने सांगितली ती लाज. पण पडदानशीन बाईचा चेहरा पाहणे हा परपुरुषाचा गुन्हाच. आणि फोटोत चेहरा एकट्या फोटोग्राफरला दिसतो असे थोडेच आहे? खुर्ची मांडणारा, डोके चिमट्यात बसविणारा, अंधाऱ्या खोलीत काच धुणारा, पेन्सिलीने गाल उजळणारा, उन्हात कागद ठेवणारा, पुठ्ठ्यावर चिकटविणारा, अशा कितीतरी हातांखालून तो जातो. तेव्हा नुसती फोटोग्राफर बाई नेमून भागणार नव्हते.

1892 साली दीनदयाळांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला. त्याचा कारभार मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिला. त्यांच्या हाताखालच्या मदतनीस एतद्देशीय स्त्रियाच. सभोवती उंच भिंती घातलेल्या. दरबारातला सर्वांत मोठा छायाचित्रकार, ज्याच्या कॅमेऱ्यापुढे निजाम नि व्हाइसरॉय उभे राहत, त्याच्या नावाच्या पाटीखालचा हा स्टुडिओ. आणि त्याच्या आतला कारभार सारा बायकांचा.

मला या गोष्टीत मौज वाटते ती दुहेरी. एकीकडे हा सरळ व्यापार आहे. निम्मे हैदराबाद कॅमेऱ्यापासून दूर राहिले होते, ते निम्मे गिऱ्हाईक जवाहिऱ्याच्या मुलाने बरोबर हेरले. दुसरीकडे यात पडदा मोडलेला नाही, उलट त्याला दगडमातीची पुस्ती जोडली आहे. सुधारकांना हे मानवले नसते. पण जी स्त्री भिंतीच्या आतच जन्मणार आणि भिंतीच्या आतच मरणार होती, तिला आपला चेहरा कागदावर कसा दिसतो हे पाहायला मिळाले ते याच भिंतीमुळे. आरशातला चेहरा आपण दूर झालो की जातो. हा राहतो, हाती धरता येतो, माहेरी आईकडे पाठविता येतो. पालखीचे पडदे सोडून आत शिरलेल्या त्या बायकांना काचेच्या छताखाली, मोकळ्या चेहऱ्याने, उजेडात बसवीत. मेण्यात, माडीवर, जाळीच्या खिडकीमागे ज्यांचा दिवस जाई, त्यांना सांगितले जाई की वर पाहा, हलू नका. आजी म्हणाली होती ते 'मान वर करून बसणे' हेच.

पुढची वर्षे भरभराटीची. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दीनदयाळांची चित्रे गेली. 1894 साली राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब मिळाला. 1896 साली मुंबईस मोठा स्टुडिओ निघाला. 1897 साली व्हिक्टोरिया राणीचे फर्मान आले. ज्ञानचंद आणि धर्मचंद हे मुलगे हाताशी आले होतेच, आणि पाटीवर 'राजा दीनदयाळ आणि पुत्र' असे नाव चढले. महाल, मेजवान्या, कवायती, हत्ती, आणि वाघ तर किती! 1902 साली लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात शिकारीला आले, तेव्हाचा मारलेल्या वाघासमोर लाटसाहेब नि लेडीसाहेब उभ्या असलेला फोटो तर आजही पुस्तकापुस्तकांतून छापला जातो. तो अर्थात दीनदयाळांच्याच स्टुडिओचा.

पण याच स्टुडिओची आणखी काही चित्रे आहेत. ती सहसा दिवाणखान्यात लावण्याच्या पुस्तकांत येत नाहीत, आणि ती आपल्या मुलखातली आहेत म्हणून त्यांच्यापाशी थांबलेच पाहिजे. 1899-1900चा दुष्काळ गुजरात-राजपुतान्यावर कोसळला तसा मराठवाड्यावरही कोसळला. औरंगाबाद, बीड, परभणी हा सारा मुलूख तेव्हा निजामाचा. सरकारने दुष्काळी कामे काढली, अनाथांसाठी व्यवस्था केली, आणि दरबारने केलेली ही कामे जगाला दिसावीत म्हणून ती चित्रांत उतरवून घेतली. ते काम दीनदयाळांकडे आले.

त्यांतल्या औरंगाबादच्या एका चित्राला इंग्रजीत जे नाव दिले आहे त्याचे मराठी 'कृशतेचे नमुने' असे होईल. भुकेने वाळलेली माणसे, मोठी आणि लहान, कॅमेऱ्यासमोर मांडून बसविली आहेत. फासळ्या मोजाव्यात. चित्र अगदी स्वच्छ, रेखीव, उजेडाचा अंदाज अचूक. खोटी कमान नाही, कारंजे नाही, टेबलावर पुस्तक नाही. डोके धरून ठेवायला चिमट्याचीही गरज पडली नसेल. हलण्याइतके त्राण कुणात होते?

असे चित्र काढणारे दीनदयाळ पहिले नव्हेत. 1876-78च्या मद्रासकडील दुष्काळात हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने भुकेल्यांचे असेच घोळके बसवून फोटो घेतले होते आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली होती. दीनदयाळांच्या बाजूने असेही म्हणता येईल, की ही चित्रे मदतकार्याच्या कामी काढली होती, आणि आज त्या दुष्काळात आमच्या माणसांचे काय झाले याचा डोळ्यांनी पाहावा असा पुरावा या काचांनीच जपला. हे खरे आहे. हा पुरावा नसता तर आकड्यांवर आपण कितपत विश्वास ठेवला असता?

तरीही ही दोन चित्रे मनातून एकमेकांपासून दूर करता येत नाहीत. एकाच पेढीचा स्टुडिओ, काळही जवळजवळ तोच. हैदराबादेत एका बेगमेचा चेहरा परक्याला दिसू नये म्हणून उंच भिंत, इंग्रज बाई, बायकांचा सारा लवाजमा. आणि औरंगाबादेत चिंधीचेही पांघरूण नसलेली शेतकऱ्याची बायको, तिच्या मांडीवर तिचे मूल, उघड्या आभाळाखाली. तिलाही लाज असेलच. आमच्या पणजीला होती तेवढी तरी नक्कीच असेल. तिला कुणी विचारले असेल, असे त्या चित्राकडे पाहून वाटत नाही. उमरावांच्या फोटोखाली नावे आहेत, किताब आहेत. या माणसांच्या चित्राखाली गावाचे नाव आणि 'नमुने' हा शब्द.

दीनदयाळांना मी यासाठी दोषी धरतो असे नव्हे. गिऱ्हाईक दरबार होते आणि नाव दरबाराने हवे तसे दिले. उलट या माणसाच्या हातात काही खोट असती तर ते चित्र इतके बोलले नसते. त्या घोळक्यात एकदोघे सरळ कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. त्यांच्याकडे पाहिले, की 'नमुना' हा शब्द फार वेळ टिकत नाही.

दीनदयाळ 1905 साली वारले. ज्ञानचंदांनी पुढे काही काळ धंदा चालविला. 1911 साली महबूब अली खान गेले आणि ते जुने हैदराबादही त्यांच्यामागून हळूहळू गेले. हातातल्या कॅमेऱ्यांचे दिवस आले होते. चिमट्यात डोके देऊन बसायला लोकांना सवड राहिली नव्हती. पण काचा राहिल्या. कागद पिवळा पडतो, वाळवी खाते. काच जपली तर तिच्यावरचे चित्र टिकते. 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळांच्या 2857 मूळ काचा विकत घेतल्या. 2006 साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

मूळ काचेवर सारे उलटे असते. पांढरे ते काळे, डावे ते उजवे. नवाबाचा मोत्यांचा कंठा काळ्या मण्यांचा दिसतो आणि केस सगळ्यांचेच पिकलेले. उजेडापुढे धरलेल्या अशा काचेत ओळखीचा माणूसही चटकन ओळखू येत नाही.

यंदा मात्र आमच्या तसबिरीची तडकलेली काच बदलायची म्हणून मी चौकट उघडली. मागचा पुठ्ठा कसरीने खाल्लेला होता. कोणत्या स्टुडिओचे नाव असलेच तर तो तुकडाच गळून पडला होता. शिल्लक होता तो पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा. त्या काळचे स्टुडिओ मूळ काच जपून ठेवीत आणि पुढे केव्हाही प्रत हवी असल्यास हा नंबर कळवावा, असे पुठ्ठ्यामागे छापीत. हा तोच नंबर असणार. मी तो वहीत उतरवून घेतला, नवी काच बसविली आणि संध्याकाळी आकाशकंदील लावायच्या आधी पणजोबांना पुन्हा दारावर चढविले.